सिंह कुठे बघायचे

६ डिसेंबर १९५९. मी मेतकुटाच्या डाळी भाजत होते. बोटीवर भाताशी काहीतरी हवं म्हणून करायला घेतलेलं काम, आणि सकाळपासून तेवढंच चाललं होतं. आमच्या ह्यांना दमा असल्यामुळे भाजणं-तळणं मागच्या पडवीत, दार लावून करायचं, असा आमच्या घरचा रिवाज. पण त्या दिवशी दार सारखं उघडत होतं, कारण आत दोघा भावांचा वाद जुंपला होता आणि दोघेही पंच म्हणून मलाच हाक मारत होते.

धाकटे दीर नैरोबीला रेल्वेत होते. बऱ्याच वर्षांनी रजेवर पनवेलला आले होते आणि परतताना आम्हा दोघांना महिनाभरासाठी बरोबर नेणार होते. तिकडची जंगलं दाखवायची हा त्यांचा हट्ट. त्यांना स्वतःला तिकडे गेल्यावर मोजकीच रजा मिळणार, म्हणून कुठली जंगलं बघायची ते इथेच ठरवायचं होतं. त्यांनी तीन सांगितली. गावाला लागूनच असलेलं नैरोबीचं. मोंबासा बंदरावरून नैरोबीला जाताना वाटेत लागणारं त्सावो. तिसरं गोरोंगोरो, खूप लांब, डोंगराच्या पोटात मोठ्या परातीसारखं पसरलेलं. त्याचा एक फोटोही त्यांनी आणला होता.

ह्यांनी तो फोटो हातात घेतला आणि बाकीच्या दोन्हींचा विषय संपला.

"तिथे थंडी किती?" मी विचारलं.

"वर कडेला कडाक्याची. सकाळी धुकं असतं. खाली उतरलं की छान ऊन," दीर म्हणाले. "रस्ता मात्र धुळीचा आहे, वहिनी. खोटं कशाला सांगू?"

"आणि डॉक्टर?"

ते ह्यांना फोटोतली झाडं दाखवू लागले.

आदल्या वर्षी आम्ही माथेरानला गेलो होतो. तांबड्या धुळीत दोन दिवस फिरलो आणि तिसऱ्या रात्री ह्यांचा श्वास असा अडकला की हॉटेलवाल्याने घोडेवाल्याला उठवून डॉक्टर आणवला. तेव्हापासून मी धूळ, थंडी आणि डॉक्टर एवढ्याच तीन गोष्टी बघते. देखावा बाकीचे बघतात.

"नैरोबीचं बघू," मी म्हटलं. "सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी."

"दुपारी जेवायला घरीच यायचं तर राणीची बाग काय वाईट आहे?" हे म्हणाले. "तिथे तर कँटीनपण आहे."

दीर हसले. मला हसू आलं नाही. अकरा वर्षं शेगडी, शेक, काढा आणि उशांची उतरंड करून मला कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा बोटीत घालून आफ्रिकेत नेण्याची हौस मला नव्हती.

शेवटी हे म्हणाले, "कौल लावू."

आमच्या घरात विहिरीपासून सोयरिकीपर्यंत सगळं गावदेवीच्या कौलावर ठरत आलं आहे. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी नको म्हणाले असते तरी काही उपयोग नव्हता. दुपारी आम्ही तिघेही देवळात गेलो.

गुरवाने प्रश्न ऐकून घेतला आणि कळ्या हातातच ठेवल्या. "हा मुलूख आपल्या शिवेत येतो काय?"

"समुद्रापलीकडे आहे," दीर म्हणाले.

"मंग तिकडची देवी येगळी. हिला काय ठाव? आमी गावच्या शिवेबाहेरचं इचारत नाय."

"अरे, मुलूख तिकडचा, पण माणूस इथलाच ना?" हे म्हणाले. "माझ्याबद्दल विचार. मी गोरोंगोरोला जाऊ का?"

ते गुरवाला पटलं. त्याने ते नाव दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा "त्या डोंगरावर" म्हणून काम भागवलं, कळ्या लावल्या आणि धूप घातला. आम्ही बसलो. उजवी कळी लवकरच पडली.

ह्यांचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला. तोवर गाभाऱ्यात धुपाचा धूर कोंडला होता. मी दंडाला धरून उठवेपर्यंत ते खोकायला लागले होते. तळ्याच्या काठाने घरी येताना दर चार घरांमागे थांबलो. दिवेलागणीला डॉक्टरांना बोलवावं लागलं. इंजेक्शनने छाती मोकळी झाली, तेव्हा मी शेगडी बाजूला सरकवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

"देवीनं कौल दिलाय," हे उशांवरून म्हणाले. आवाज शिट्टीसारखा येत होता.

"तिथे रात्री असं झालं तर देवी इंजेक्शन देणार आहे का?"

"वहिनी..." दीर म्हणाले.

"तुम्ही थांबा, भावजी. मला एवढंच सांगा, मोंबासाहून नैरोबीला आपण आगगाडीने जाणार ना? ती त्सावोतून जाते का?"

"जाते की. डब्यातून हत्ती दिसतात, जिराफ दिसतात. माणसं खिडकीला नाक लावून बसतात."

"धूळ आली तर काच लावता येते. मग त्सावो डब्यातून बघायचं आणि नैरोबीचं तुमच्या मोटारीतून. गोरोंगोरो नाही."

हे भिंतीकडे तोंड करून पडले. "मग मी येतच नाही. एवढं समुद्र ओलांडून जायचं ते गावाजवळचं रान बघायला?"

"नका येऊ," मी म्हटलं. "तिकिटं उद्या परत करू. मलाही महिनाभर झोपता येईल."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. खरंच झोप हवी होती. ते बहुधा त्यांनाही कळलं. दीर उगीच कंदिलाची वात वर-खाली करत होते.

मग भिंतीकडूनच प्रश्न आला, "गाडीतून सिंह दिसतात का रे?"

"आगगाडीतून सांगता येत नाही, दादा. नैरोबीच्या रानात मात्र बहुतेक दिसतात. मी पाहिलेत. रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात, गाडी आली तरी उठत नाहीत."

"आळशी आहेत म्हणजे."

"अगदी सरकारी नोकरांसारखे."

हे हसले आणि हसताना पुन्हा खोकले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "ठीक आहे. पण देवीला विचारून तिचं ऐकलं नाही, असं आपल्याकडे कुणी केलेलं नाही. ते तिला तू जाऊन सांग. मी सांगणार नाही."

"सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून नारळ घेतला आणि देवळात गेले. गुरव झाडत होता. कौल मोडायचा म्हणताच त्याने केरसुणी खाली ठेवली.

"बाय, डावा पडला आन् कुनी गेला, आसा होतो कदी कदी. उजवा पडल्यावर जात नाय म्हनारी तू पयलीच."

"होकार दिला म्हणजे गेलंच पाहिजे असं तर नाही ना? घाल गाऱ्हाणं. म्हणावं, तू परवानगी दिलीस, उपकार आहेत. पण माणूस मला सांभाळायचाय, म्हणून जवळच्या रानात नेते."

तो थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला, मग हात जोडून त्याने जवळजवळ तसंच गाऱ्हाणं घातलं आणि नारळ फोडला. मी धूप मात्र घालू दिला नाही. प्रसादाची वाटी पिशवीत टाकली आणि तशीच दवाखान्यात जाऊन, तिकडच्या डॉक्टरला दाखवायला ह्यांच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घेतली.