म्हावऱ्याच्या दिवशी बाहेर

शिल्लक रजा संपवायची होती म्हणून एप्रिलमध्ये मी आठवडाभर घरी राहिले. बेत साधा होता. एरवी नोकरीमुळे मासे रविवारीच व्हायचे, आता रोज निवांत स्वयंपाक करायचा आणि सगळ्यांनी गरमगरम जेवायचं. आमचं घर उमेळ्यात. माणसं तीनच, मी, नवरा आणि सासरे. सासूबाई गणपतीनंतर गेल्या आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मी साताऱ्याकडची. मासे, म्हणजे इथलं म्हावरं, साफ करायला लग्नानंतर शिकले, तेही नाक धरून. या घरात माझ्या हातचं आवडतं की नुसतं चालवून घेतात, हे मला एकदाचं जाणून घ्यायचं होतं. सासऱ्यांना विचारून उपयोग नाही. ते जेवणावर बोलत नाहीत, ताट बघून काय ते ओळखायचं.

सोमवारी सकाळीच बाजारातून चिंबोऱ्या आणल्या. चांगल्या भरलेल्या, पिशवीत खुडबुड करणाऱ्या. आज चिंबोऱ्यांचं कालवण, असं मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं. सासरे अंगणातून आत आले, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "आज म्हावरं नको रांधू गो. बाहेरच जाऊ जेवाला." चिंबोऱ्या शेजारी गेल्या आणि आम्ही स्टेशनजवळच्या हॉटेलात. तिथे त्यांनी सुरमईची थाळी मागवली आणि अर्धी ठेवली.

मंगळवारी वालाचं बिरडं केलं, नारळाचं दूध घालून. ते त्यांनी दोनदा मागून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. बुधवारी कोळंबी आणायला निघाले तर सासरे आधीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. भुईगावच्या वाटेवर एक ख्रिस्ती जोडपं वाडीतच चार टेबलं मांडून जेवण देतं, तिथे जाऊ म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला ते जेवण फार आवडलं. तळलेला बोईट मासा, तांदळाची भाकरी, वर कैरीची चटणी. मी मिटक्या मारत खात होते आणि नवरा मला हसत होता. सासऱ्यांनी मात्र कालवणाची वाटी बाजूला सारली. फिकं हाय, म्हणाले. मग यायचं कशाला? बाहेरचं आवडत नाही आणि घरचं होऊ देत नाहीत, या माणसाचं करायचं काय?

गुरुवारी मुद्दाम आमच्याकडचं पिठलं केलं. ते त्यांनी ताट पुसून खाल्लं. म्हणजे माझ्या हाताशी वैर नव्हतं. वैर होतं ते माझ्या माशांशी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, बाबा फिरवताहेत तर फिर की, डोक्याला ताप कशाला करून घेतेस. आईला फोन केला. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला रिकामं घर खायला उठत असेल, चार माणसांत जावंसं वाटत असेल. मला ते पटलं. म्हणून शुक्रवारी मीच म्हटलं, बाबा, आज बाहेर जाऊया का? तर म्हणाले, घरात डाळ-भात असताना बाहेर कशाला. मी कपाळाला हात लावला. काही म्हणजे काही कळेना. आणि खरं सांगायचं तर आता मला रागापेक्षा वाईटच जास्त वाटायला लागलं होतं.

शनिवारी मी कुणाला न सांगता बोंबील आणले. सासरे मागे केळींना पाणी घालत होते तेवढ्यात फोडणी दिली, मसाला घातला, चिंचेचा कोळ ओतला. वास गेलाच. ते ओल्या पायांनी तसेच दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं, मसाला किती घातलास. मी चमचा दाखवला. दोन, म्हटलं. त्यांचं तोंड उतरलेलं बघून माझा पारा चढला.

"बाबा, माझ्या हातचं म्हावरं आवडत नसेल तर एकदा सरळ सांगून टाका."

ते खुर्चीवर बसले.

"तुझा हात वंगाल नाय," ते म्हणाले. "तो मसाला तिच्या हातचा हाय. संपला का संपला."

इथे उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवून, भाजून, डंकावर वर्षाचा मसाला एकदाच कुटून आणतात. आमच्या घरातला गेल्या वर्षीचा सासूबाईंनी केलेला. बिरड्यात तो पडत नाही, पिठल्यात पडत नाही, पडतो तो माशांच्या कालवणात. सुनेला हात आखडता घे म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते आम्हालाच घराबाहेर काढत होते.

पण सासूबाईंच्या मसाल्याची बरणी होळीच्या आधीच तळाला गेली होती. आमच्या साताऱ्याकडे मसाल्याची बरणी रिकामी होऊ देत नाहीत, थोडा उरला की त्यावरच नवा घालतात. त्यात सांगण्यासारखं काही असतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाजारात नव्या मिरच्या आल्या होत्या. अर्ध्या दिवसाची रजा काढून मी गोखिवऱ्याच्या डंकावर मसाला कुटून आणला होता. सासूबाईंनी प्रमाण कधी सांगितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी बसून, डोळे चोळत जेवढं बघितलं होतं तेवढ्यावरच केला.

हे सगळं मी त्यांना तिथेच सांगितलं. दुसरं काय करणार होते? कवा, एवढंच त्यांनी विचारलं. होळीच्या आधी, म्हटलं. म्हणजे महिनाभराहून जास्त ते माझाच मसाला जपत होते आणि त्यांना फरक कळला नव्हता. ज्यासाठी मी आठवडाभर झुरत होते ते मला मिळालं होतं, आणि त्याचा आनंद करावा की शरमेनं मान खाली घालावी, हे मला समजत नव्हतं. ते रागावतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. ते रागावले नाहीत.

त्यांनी बरणी पुढ्यात ओढली, झाकण काढलं, आत बघितलं.

"तलाला तिचा असंल ना अजून?"

नवा मसाला आणला त्या दिवशी मी जुना सगळा परातीत काढला होता. नव्यात घालून दोन्ही हातांनी चांगला कालवला होता, आणि मगच बरणी भरली होती.

"असेल, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि वाढ म्हणाले. बोंबलाच्या कालवणाशी तीन भाकऱ्या खाल्ल्या. तेव्हापासून मसाला काढताना मी चमचा वरवरच चालवते, खाली जाऊ देत नाही.