ब्रेकचं रबर

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळ. हजर: मी, सायकलवाले मामा आणि शिरोलीच्या एका इंजिनिअरकडून मी स्वस्तात घेतलेली जुनी रोड बाईक.

मी कामांची यादी पुढे केली. "चष्मा घरात ऱ्हायलाय अक्का, तुमीच वाचा की." गेल्या तिन्ही खेपांना तो घरीच राहिला होता. पेडलवर टाच ठेवायला लावून त्यांनी सीटची उंची वितीनं मोजली. मग चाक फिरवलं आणि डोळे मिटून कान लावला. "सरळ हाय. जावा आता पन्हाळ्याला बिनघोर!"

सीट अगदी मापात बसली होती. पण घरी पाहिलं, तर ब्रेक दाबला की रबर रिमऐवजी टायरला घासत होतं. उतारावर टायर फाटला असता. मामांना दिसेनासं झालंय, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी सांगायलाच गेले. एका बाईंच्या लेकराची सीट लावलेल्या सायकलचा ब्रेक ते बोटांनी चाचपत होते. माझा आवाज ऐकून हसले. "काय अक्का, ब्रेक कसा लागतोय?"

"झकास," मी म्हणाले.

त्या बाईंना कोपऱ्यावर गाठून मी त्यांचं रबर सरळ केलं. मामांना सांगायचं अजून राहिलंय.