वैष्णवी उभी राहिली तो दिवस

कुसाबाई माझ्याकडे धुण्याभांड्याला येते, त्याला तीन वर्षं झाली. मूळची सुरगाण्याकडची. नवरा केरू दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला. आठवड्यातून एकदा घरी. वैष्णवी त्यांची एकुलती मुलगी. दीड महिन्याची असल्यापासून ती माझ्या स्वयंपाकघरातल्या सतरंजीवर वाढली.

मी रोज डायरी लिहिते. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय : पाच ओळी, शाईने, खाडाखोड नाही. हे गेल्यावर लिहिण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, मग वैष्णवीच पानांवर येऊ लागली. ‘मान धरली.’ ‘पालथी पडली आणि स्वतःच दचकली.’

“आजी, दुधाची पिशवी फुटली तरी तुम्ही लिवता,” कुसा हसायची. “उद्या दारात देव आला, तर तुम्ही आधी त्याच्या चपलेचा रंग लिवाल.”

मुलगी उभी राहिली त्या दिवशी मात्र कुसा हसली नाही. “हे लिवू नका. आमच्यात लेकरू पाच पावलं टाकेपर्यंत कुणाला सांगत नाय. नजर लागती.” मी बरं म्हटलं. ती गेल्यावर लिहिलं.

पाच पावलं आलीच नाहीत. पावसाळ्यात उभं राहणं थांबलं. दिवाळीपर्यंत बसवली तर कलंडू लागली. कुसा भात कापायला गावी गेली. परत आली तेव्हा वीस महिन्यांच्या पोरीला कडेवर घेताना मानेमागे हात धरावा लागत होता. गावच्या म्हाताऱ्यांनी तिला सांगितलं होतं, केरूसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत चालला नव्हता. त्या एका वाक्यावर ती तगून होती.

मी दोघींना लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली, काखेत हात घालून उचललं. पोर हातांतून निसटायला लागली.

“बसायला कधी लागली?”

“बसलीच नाय अजून,” कुसा म्हणाली. “उशीर हाय तिला. बापावर गेली.”

“नीट आठवा. कधी उभी राहिली होती? उशिरा येणं वेगळं आणि आलेलं जाणं वेगळं. पुढच्या तपासण्या त्यावर ठरतील.”

“नाय. कधीच नाय.”

डायरी माझ्या पिशवीत होती. कुसाने पिशवीवर हात दाबून धरला. “आजी, तुम्ही लिवलं असणारच. ते पान फाडा ना,” ती कुजबुजली. “उशीर झालेली पोर कधीतरी चालती. माझ्या पोरीला उशीरच राहू द्या.”

साठ वर्षांत मी एक पान फाडलेलं नाही. त्या दिवशी फाडलं असतं. पण डॉक्टर पेन उघडून थांबले होते. मी तिचा हात बाजूला केला आणि तीन तारखा वाचल्या. अकरा नोव्हेंबर, आधाराशिवाय बसली. चोवीस फेब्रुवारी, उभी राहिली. अठरा जुलै, उभी केली तर पाय दुमडले.

डॉक्टरांनी आधी पेन मिटलं. मग म्हणाले, “मुंबईला तपासण्या कराव्या लागतील. पण त्यावर औषध असेलच, असं मी सांगू शकत नाही.”

रिक्षात कुसा एकच वाक्य बोलली. “तुम्हाला सांगितलं होतं मी, लिवू नका.”

 

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी आली. वैष्णवीला सतरंजीवर उशांच्या मधे निजवलं, भांडी घासली, आणि ओल्या हातांनीच माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“उभी राहिली तो दिवस वाचा.”

मी चष्मा लावला. ‘सोमवार, चोवीस फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. वैष्णवीने गव्हाच्या डब्याला धरलं आणि उभी राहिली. मी चारपर्यंत आकडे मोजले. पाचव्याला धपकन बसली आणि टाळ्या वाजवल्या. कुसा म्हणते, लिहू नका.’

सतरंजीवर वैष्णवीचे डोळे आईच्या दिशेने वळले. मान वळली नाही.

“परत वाचा,” कुसा म्हणाली.