शनिवारची चूल

ही गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा जमेल तसं सरळच लिहीन.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी. पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. बदलापूर गावात आमचं एकच घर. आमची मशीद, म्हणजे प्रार्थनेची जागा, लांब ठाण्याला. त्यामुळे धर्म म्हणजे बाबा सांगतील तो. शमाची प्रार्थना त्यांनी पाठ करून घेतली, अर्थ त्यांनाही येत नव्हता. शुक्रवारी दिवेलागणीला घरातली बाई दिवा लावणार, मग काडी ओढायची नाही. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत चूल थंड. मी अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात होतो. तिथे शनिवारचा माझा खाडा ठरलेला.

मी सात वर्षांचा असताना माझी आई अशाच एका शनिवारी बाळंतपणात गेली होती. चूल पेटली नव्हती. बाबा म्हणायचे, "तिने नेम राखला. देवाने जवळ केली." हे ऐकत मी मोठा झालो. लग्न होऊन आल्यावर हिनेही तेच ऐकलं.

हिला कळा सुरू झाल्या त्या शनिवारी दुपारी. भादव्याचं आभाळ गच्च भरलेलं. शेजारची सुईण आली, चुलीत हात घालून बघितला.

"ऊन पानी कुठंय?"

"चांदण्या दिसू दे," बाबा म्हणाले.

"या आभालात चांदन्या? अरं शनवार तेल्या, तुझी सून निली पडलीय! तुझा देव येनार काय नाल कापायला?"

ती काडीपेटी घ्यायला वळली, तर बाबांनी पेटी मुठीत आवळली. आत ही ओरडायची थांबली. आईसुद्धा शेवटी अशीच गप्प झाली होती. मी बाबांच्या मुठीला हात घातला.

"तू नको," ते म्हणाले. "तुला अजून जगायचंय."

आणि स्वतःच चुलीपुढे बसले. तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. पण बाबा शिक्षेची वाट बघत बसले. पोरीला ताप आला, गाय आटली, की म्हणायचे, "आलं." पाळण्याजवळ जाईनात. "माझी सावली नको तिच्यावर."

शेवटी मी त्यांना ठाण्याला नेलं. आमची प्रार्थना चालवणारे हझान, त्यांच्यापुढे बाबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अहो, जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो," हझान म्हणाले. "धर्मच सांगतो तसं. पाप कसलं?"

मला सुटल्यासारखं झालं. बाबांनी मान वर केली.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

परत येताना बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे तुझी आई गेली तेव्हाही." त्या शुक्रवारी हिने दिवा लावला आणि पोर त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी घेतली, पण दिव्याकडे पाठ करून बसले. मरेपर्यंत तसेच बसायचे.

आता दिवा मी लावतो. लावला की कुठे तोंड करून बसावं, कळत नाही.