अखेरचं मत येऊ दे

फ्रान्सच्या राज्यक्रांतीतल्या एका विचारवंतानं म्हातारपणी जे लिहिलं, ते खुद्द फ्रान्समध्ये कोणी वाचतं की नाही मला ठाऊक नाही. लातुरात मात्र एक माणूस ते रोज वाचतो. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. विचारवंताचं नाव मी लिहीत नाही. मामांच्या उच्चाराप्रमाणे लिहिलं तर फ्रेंच लोक रागावतील, आणि फ्रेंचांच्या उच्चाराप्रमाणे लिहिलं तर मामा.

मुरुडच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून मामा निवृत्त झाले आणि इंग्रजीवरून त्या लेखनाचं मराठी भाषांतर करायला बसले. विचारवंताची तरुणपणची जळजळीत पत्रकं त्यांना मंजूर नव्हती. "जवानीत क्रांती कोणीबी करतंय. म्हातारपणी 'माझं चुकलं' लिहायला छाती लागती." माणसाचं अखेरचं तेवढं खरं, हा सिद्धांत मग घरभर पसरला. पेपर ते मागच्या पानापासून वाचतात. पत्राची आधी सही बघतात. सत्कारसमारंभाला नेमके आभारप्रदर्शनाला पोचतात. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "अध्यक्ष तयारी करून येतो. आभारवाला दमलेला असतो, जावईबापू. खरं तोच बोलतो." बऱ्याच समारंभांना पहिल्यापासून बसल्यामुळे मला यावर वाद घालता आला नाही.

या सिद्धांतानं त्यांना एकाच ठिकाणी छळलं. भोकरला त्यांचे थोरले भाऊ असतात. हदगावच्या एका लग्नात, भरल्या पंगतीत ते म्हणाले होते, "नळाला पाणी न्हाई, आन आमचा मास्तर फ्रान्सच्या म्हाताऱ्याचं मराठी करून राहिला!" पंगत हसली. मामा पानावरून उठले, ते अठरा वर्षं भोकरला गेले नाहीत. पण भावाविरुद्ध कोणी बोललं, की तेच गरम होत. "ते दादाचं सुरुवातीचं मत हाय. अखेरचं येऊ दे." दारात टपालवाला दिसला, की मात्र चष्मा शोधत. हा शोध अठरा वर्षं चालला.

गेल्या महिन्यात भोकरहून चिठ्ठी आली. ओळी एकमेकींवर चढलेल्या. मामांनी सवयीनं आधी शेवट वाचला, 'तुझा दादा', आणि बराच वेळ वर गेलेच नाहीत. वरचा मजकूर शेवटी मीच वाचून दाखवला : 'मास्तर, डोळे गेल्यात जमा आहेत. तुझा म्हातारा काय म्हणतो ते वाचून दाखवायला ये. आता हसणार नाही. हसलो तरी जाऊ नको.'

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही भोकरला पोचलो. मामांच्या पिशवीत अकरा वह्या होत्या. दादा बाजेवर बसले होते. त्यांनी चाचपडत मामांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "वाच, शेवटाचं वाच. तुला तेच लागतंय."

मामांनी वह्या उपसल्या, तळाशी गेलेली पहिली वही वर काढली आणि पहिलं पान उघडलं.

"न्हाई दादा," ते म्हणाले, "पहिल्यापासून वाचतो. घाई काय हाय?"

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, अगदी सावकाश.