जालान सावोच्या पलीकडे

पाक तुकिरान म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. सोलो शहरात, जालान सावो नावाच्या रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली त्यांचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानामागेच राहायची खोली. दुकान म्हणजे तरी काय, हवा भरायचा पंप, पाण्याचं घमेलं, टायर उचकटायच्या पट्ट्या आणि वर टांगलेला होल्याचा पिंजरा. सकाळी उठून आधी ते होल्याला दाणे घालत, मग बाकावर बसून रस्त्याकडे पाहत राहत. लोकांना वाटे, म्हातारा गिऱ्हाईकाची वाट बघतोय. म्हातारा बघत असे रस्त्याच्या पलीकडे.

पलीकडे बू वार्तिनी राहत. (वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानाने 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.) नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन सुराबायाला गेलेली. बाई दारातच शिवणयंत्र मांडून ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवत. सकाळी दाराच्या फळ्या काढल्या की त्या उंबऱ्यासमोरची जागा लख्ख झाडत, केरसुणी भिंतीला टेकवत आणि हात उंचावून ओरडत, "पाक! या की बसायला!"

"येतो, येतो! पुढच्या वेळी!" इकडून तुकिरान हात हलवत.

आता आमच्याकडे हे असं बोलणं म्हणजे काही आमंत्रण नव्हे. दारावरून ओळखीचा माणूस गेला की 'या बसायला' म्हणायचं, त्याने 'पुढच्या वेळी' म्हणून पुढे व्हायचं. खरंच कोणी चपला काढून आत आला तर घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतील. तुकिरानांना हे कळत नव्हतं असं नाही. तेही दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच म्हणत. पण बाई रोज हाक मारायच्या, आणि रोजची गोष्ट माणसाच्या मनात घर करून बसते. या आपल्याला खरंच बोलावतात की रीत म्हणून? हा एकच भुंगा त्यांचं डोकं पोखरायचा. विचारणार कोणाला? आणि मध्ये तो रस्ता.

रस्ता कसला, मोटारसायकलींचा पूर होता तो. पहाटे सुरू व्हायचा आणि माणसं झोपली तरी ओसरायचा नाही. फुटपाथ असा नव्हताच, जो होता त्यावर गाड्या उभ्या. एक हात आडवा धरून, देवाचं नाव घेत लोक पलीकडे जात आणि पोचले की मागे वळून पाहत, आपण जिवंत कसे राहिलो म्हणून. तुकिरानांनी स्वतःची समजूत घातली होती की आपण जात नाही ते या रस्त्यामुळे. दुपारी बाकावर डुलकी लागली की मात्र त्यांना स्वप्न पडे. रस्ता आटून गेलाय, डांबरावर चिकूची पानं पडली आहेत, कुठे चिटपाखरू नाही, आणि आपण अनवाणी, सावकाश, पलीकडे चाललोय. पलीकडचं दार जवळ येई, अगदी हाताशी येई, आणि कोणीतरी "हवा भरा हो!" करून खांदा हलवी.

चिकूचं झाड मात्र त्या रस्त्यावर नावालाही उरलं नव्हतं. रस्त्याचं नाव तेवढं चिकूचं, सावो म्हणजे चिकू.

मग एक दिवस नगरपालिकेची माणसं टेप घेऊन आली आणि वस्तीच्या मंडपात बैठक बसली. जालान सावो आता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा होणार होता. गाड्यांना मधोमध एक चिंचोळी वाट, दोन्ही अंगांना रुंद फुटपाथ, सायकलींना वेगळी पट्टी, आणि कडेने चिकूची झाडं. दुकानदार कुरकुरले, गाडी लावायची कुठे म्हणून भांडले. शेवटी आराखडा घेऊन आलेल्या मुलीने तुकिरानांना विचारलं, "पाक, मोटारसायकली कमी झाल्या तर तुमचं काय? तुम्ही काहीच बोलला नाहीत."

तुकिरान उभे राहिले. सभेत ते जन्मात बोलले नव्हते. "रस्ता ओलांडता आला पाहिजे," ते म्हणाले आणि खाली बसले.

"ओलांडून जायचंय कुठे, तेही सांगा की!" सायकलरिक्षावाला गियोनो मागून ओरडला. मंडप हसला. बायकांच्या रांगेत बू वार्तिनी गळ्यातली मापाची पट्टी बोटाला गुंडाळत होत्या. त्या हसल्या की नाही, ते तुकिरानांना दिसलं नाही.

खोदकाम लांबलं. एक पावसाळा त्यात गेला. धुळीने होल्याचा आवाज बसला, तुकिरानांचा धंदा बसला, पण पलीकडून हाक यायची थांबली नाही. खड्डे, मातीचे ढीग आणि खडखडणारी यंत्रं यांच्यावरून ती यायची. "पाक! या की बसायला!" आणि तुकिरान चिखलाकडे बोट दाखवून हसत. तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

मग एके सकाळी अडथळे काढले. तुकिरान बाहेर आले आणि उभेच राहिले. आपण अजून अंथरुणातच आहोत असं त्यांना वाटलं. रस्ता पहुडला होता. ओल्या फरशीवर कोवळं ऊन, नव्या रोपांच्या हातभर सावल्या, एक बाई भाजीची टोपली घेऊन रस्त्याच्या मधून चालली होती आणि तिला कोणी भोंगा वाजवत नव्हतं. पलीकडच्या केरसुणीची खरखर इथवर ऐकू येत होती. बू वार्तिनी एवढ्या जवळ आल्या होत्या की त्यांचे पिकलेले केसही दिसत होते. त्यांनी अंगण झाडलं, केरसुणी टेकवली, तुकिरानांकडे पाहिलं. मान लववली. आणि न बोलता आत गेल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

तुकिरान खट्टू झाले. म्हणजे रीतच होती ती. माणूस येऊ शकत नाही तोवर बोलवायला काय जातं! सायकलींची रीघ लागली, हातांना उसंत मिळेना, पण म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला तो उतरलेलाच.

"काय पाक, धंदा जोरात आणि तोंड असं?" गियोनोने चाकात हवा भरून घेता घेता विचारलं.

"पूर्वी हाक मारायच्या." तुकिरानांच्या तोंडून निघून गेलं. "आता नाही मारत."

गियोनो हसायच्या बेतात होता, पण त्याने पलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, आता हाक मारली तर ती खरीच धरावी लागेल. सगळी गल्ली संध्याकाळी फुटपाथवर बसलेली असते. बाईमाणसाने एवढ्या जवळून बोलवायचं, आणि तुम्ही आपलं 'पुढच्या वेळी'! त्यांनी तोंड कुठे लपवायचं?"

"आणि मी गेलो, आणि त्यांना नको असलं तर?"

"मग परत या. रस्ता काय आता मोठा आहे होय?"

त्या संध्याकाळी तुकिरानांनी अंघोळ केली, ठेवणीतला बाटिकचा सदरा घातला आणि ते फुटपाथवरून खाली उतरले. फरशी दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. सायकलवाली एक शाळकरी मुलगी थांबली, "जा ना आजोबा," म्हणाली. ते चालले. घाई करावीशी वाटेना. वस्ती बघत होती, त्याचंही काही वाटेना.

"घरात आहे का कोणी?"

बू वार्तिनी दारात आल्या, तोंडात टाचण्या तशाच. त्या त्यांनी एकेक करून काढल्या. "बसा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. उगीच आलो, असं तुकिरानांना वाटून गेलं.

मग चहा आला, मोगऱ्याच्या वासाचा, झाकण घातलेल्या ग्लासात. यजमानाने 'घ्या' म्हटल्याशिवाय आमच्याकडे पाहुणा ग्लासाला हात लावत नाही, आणि ग्लास रिकामा झाला की पाहुण्याने उठायचं असतं. तुकिरान थांबले. मुलीचं बोलणं झालं, होल्याचं झालं, रोपांना पाणी कोण घालणार ते झालं. झाकणाखालची वाफ विरून गेली. बाई रीतीभातीच्या पक्क्या, पण 'घ्या' काही म्हणेनात.

"बू," शेवटी ते म्हणाले, "चहा निवला."

"निवू दे." बू वार्तिनी रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. "घ्या म्हटलं की तुम्ही घटाघटा संपवाल आणि उठाल."

तुकिरानांनी पाठ भिंतीला टेकवली आणि ते पाय पसरून बसले.