सभा चालू आहे, आत येऊ नये

साल शहाऐंशी, पोळ्यानंतरचा दुसरा रविवार. वेळ सकाळी दहा. स्थळ, धुळ्याच्या देवपुरातल्या मुलींच्या वसतिगृहाचे सभागृह. कार्यकारी मंडळाचे सभासद नऊ, पैकी दहाच्या ठोक्याला हजर दोन: एक मी आणि एक अक्का. विषय क्रमांक सात: मुलींच्या चार न्हाणीघरांना दारे बसवणे, अंदाजे खर्च बाराशे रुपये.

एवढे इतिवृत्ताच्या वहीत आहे. मी संस्थेचा सहचिटणीस होतो, त्यामुळे वही माझ्याच अक्षरात आहे. बाकीचे सभासद येईपर्यंत अक्का काय करत होत्या, हे वहीत नाही. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

अक्का साक्रीच्या पलीकडच्या डोंगराळ भागातल्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक बाई. नवऱ्यामागे शेती आणि दोन म्हशी एकटीने सांभाळत. पहाटेच्या गाडीने निघून, साक्रीला गाडी बदलून धुळ्याला येत. एका पिशवीत शेंगा आणि दुसरी पिशवी बाजारासाठी रिकामी. सभा सुरू झाली की मांडीवर सुपली घेत आणि शेंगा फोडू लागत. दाणे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जात आणि संध्याकाळी मुलींना त्यांची चटणी मिळे. कोणाचे बोलणे लांबले की अक्का मान वर न करता विचारत, "कितवा विषय चालू शे?"

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या सभांना बसला असाल. तिथे असे विचारणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणत, पहिल्या विषयाआधी प्रास्ताविक करत. प्रास्ताविक म्हणजे संस्थेची स्थापना, स्थापनेतला नानांचा वाटा आणि आजची ढासळलेली पिढी. एवढ्या वेळात अक्कांचे वाटीभर दाणे निघत. एकदा नाना त्यांना म्हणाले, "अक्का, शेंगा जरा बाजूला ठेवा. सभेचा काही मान असतो."

"मना हात तरी काम करी राहिनात, नाना," अक्का म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

अक्कांना घाई असे, कारण महिन्यातला हा एक दिवस त्यांचा स्वतःचा होता. सभा अकराला संपली तर बांगड्या, पातेल्याला कल्हई, बाराचा सिनेमा, मग तीनची गाडी. साक्रीहून त्यांच्या गावाला जाणारी शेवटची गाडी पाचला सुटे. ती चुकली तर म्हशींची धार कोण काढणार? "माले आज गंज काम शे," असे त्या आल्या आल्या सांगत. गंज म्हणजे पुष्कळ. त्या गंज कामांत कुल्फीही येत असे, हे मला उशिरा कळले.

तोवर असा दिवस त्यांना माझ्या माहितीत एकदाच लाभला होता. नाना आजारी होते, उपाध्यक्षांना लग्नाला जायचे होते, आणि सभा खरोखरच अकराला संपली. अक्का वाटेत आमच्या घरी शिरल्या आणि माझ्या पत्नीला हाताला धरून घेऊन गेल्या. तीन वाजता पत्नी परतली. दोन्ही हातांत नव्या बांगड्या, सिनेमात रडून लाल झालेले डोळे आणि तरीही हसत. मला म्हणाली, "तुमची ती सभा कशी चालते मला माहीत नाही. पण अक्कांना अध्यक्ष करा."

अक्कांचे सभेविषयीचे शास्त्र एका वाक्याचे होते. "सभा म्हंजे बाजारनी पिशवी शे. जे लेवाले उनूत ते ल्या अन चाला." म्हणजे जे घ्यायला आलो ते घ्यायचे आणि निघायचे.

आता दारांचे सांगतो. वसतिगृहाची इमारत नवी होती. चाळीस मुली, बहुतेक साक्रीकडच्या खेड्यांतल्या. न्हाणीघरे बांधली, पण दारे "दुसऱ्या टप्प्यात" ठेवली. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे कोणी ठरवले नव्हते. एक मुलगी अंघोळ करी तेव्हा दुसरी बाहेर चादर धरून उभी राही. वारा आला की दोघींनी चादर धरायची. पहाटे साडेचारपासून ही पाळी चाले. अक्कांनी त्या मुलींच्या घरी जाऊन, बापांना शब्द देऊन मुली आणल्या होत्या. त्यामुळे विषय क्रमांक सात त्यांच्या दृष्टीने पहिला होता. "शेवटना विषय पहिला ल्या," असे त्यांनी सुचवलेही. सगळे हसले. एक सभासद म्हणाले, "अक्का, वरातीत नवरदेव शेवटीच असतो." अक्का म्हणाल्या, "नवरदेवले कपडा तरी राहतस."

सगळे पुन्हा हसले, आणि विषय क्रमांक एक सुरू झाला. तो विषय होता प्रवेशद्वारावरची कमान.

कमानीवर कोणाचे नाव आधी घालायचे, देणगीदाराचे की संस्थापकांचे. अक्षरे सिमेंटची की पितळी. नानांच्या नावाआधी कोणते विशेषण. मी आकड्यांचा माणूस आहे, घड्याळ बघून समासात मिनिटे टिपून ठेवायचो. पोळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या चार सभांत कमानीला सात तास दहा मिनिटे गेली. दारांना अकरा मिनिटे. त्यातली सहा मिनिटे "हा विषय पुढील सभेत घ्यावा" हे ठरवण्यात गेली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन मुली परतल्या नाहीत. अक्का त्यांच्या गावी गेल्या. एकीच्या बापाने एवढेच विचारले, "दारं बसली का?" हे त्यांनी डिसेंबरच्या सभेत सांगितले, तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदा थांबलेले मी पाहिले. नाना म्हणाले, "ग्रामीण भागात जागृती कमी आहे." हे वाक्य मी इतिवृत्तात घेतले नाही. तेवढेच मी केले, आणि ते फारच थोडे होते.

त्या दिवशी अडीच वाजले तरी चौथा विषय चालू होता. अक्का उठल्या. "दारे कव्हय लागतीन, नाना?" नाना म्हणाले, "आज घेतोच, अक्का. तुम्ही निर्धास्त जा." त्या गेल्या. तीन वाजता नानांनी घसा साफ केला आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय मांडला. परवानगी देणारेही तेच. कमानीची अक्षरे पितळी करावीत आणि त्यासाठी दुरुस्तीची शिल्लक वापरावी. दारांसाठी होती ती हीच शिल्लक. चहा आला होता, सगळ्यांना घरी जायचे होते. मी लिहिले, "सर्वानुमते मंजूर."

हे लिहिणारा हात माझा होता, म्हणून मला आजही नानांपेक्षा स्वतःचा राग जास्त येतो.

जानेवारीच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचताना मी त्या शब्दापाशी आलो. अक्का म्हणाल्या, "थांब भाऊ. सर्वानुमते म्हंजे बठ्ठा ना?"

"हो, अक्का."

"मंग मी? मी तं साक्रीनी गाडीमा बठेल व्हतू."

अक्का मला ओरडल्या असत्या तर सोपे गेले असते. त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले आणि दाण्याचे साल फुंकून उडवले. मी तो शब्द खोडून "उपस्थितांच्या मते" असे लिहिले. नाना म्हणाले, "शब्दात काय आहे?" ज्यांनी एका विशेषणावर दीड तास घालवला, त्यांचे हे म्हणणे.

फेब्रुवारीच्या सभेला मी पावणेदहाला पोचलो आणि दारातच थबकलो. म्हणजे जिथे दार असायचे तिथे.

आमच्या सभागृहाला दोन दारे होती, एक रस्त्याच्या बाजूला, एक आतल्या अंगणात. प्रत्येक दाराला दोन फळ्या, अस्सल सागाच्या. अंगणाकडच्या दाराच्या फळ्यांवर नानांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतले होते: एका फळीवर "सभा चालू आहे", दुसरीवर "आत येऊ नये". मुली मध्येच काही विचारायला येत, म्हणून. आता दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या. दोन फळ्यांची दोन दारे म्हणजे चार फळ्या. आणि न्हाणीघरे चार.

अक्का गावाहून सुतार घेऊन आदल्या दिवशीच आल्या होत्या. म्हशी शेजारणीवर सोपवल्या होत्या. रात्री वसतिगृहात मुलींबरोबर झोपल्या. फळ्या थोड्या तासून नेमक्या बसल्या होत्या आणि सुतार शेवटच्या कडीला तेल घालत होता.

नाना आले ते लालबुंद. "दारे कुठे गेली?"

"ज्यासले गरज व्हती, त्यासनाकडे गयात," अक्का म्हणाल्या. सुपली मांडीवर, शेंगा चालू.

"ही संस्थेची मालमत्ता आहे, अक्का. सभागृहाला दार नको?"

"तुम्हीन तं कपडा घालीसन बठेल शेतस, नाना. तुम्हले दार कसाले जोयजे?"

कोणीतरी खोकून हसू दाबले. तो मी असेन.

त्या दिवशीची सभा मला मिनिटागणिक आठवते. रस्त्यावरून जाणारा भाजीवाला आत डोकावून "भेंडी घ्या" म्हणाला. वाऱ्याने नानांच्या प्रास्ताविकाचे कागद अंगणात गेले, मुलींनी गोळा करून आणून दिले आणि त्या चौकटीशी ऐकत उभ्या राहिल्या. अडतीस मुली ऐकत असताना कमानीवरच्या विशेषणावर बोलायला कोणाची जीभ रेटेना. विषय सहा, वेळ अठ्ठेचाळीस मिनिटे. अकराला अक्का बाजाराची पिशवी झटकून उठल्या आणि सुताराला घेऊन कुल्फी खायला गेल्या.

सभागृहाला दार नव्हते आणि पुढचे सहा महिने एकही सभा तासावर गेली नाही. नवी दारे करा, असे नानांना मांडता येईना. मुलींच्या दारांना पैसे नव्हते, मग यांना कुठून आले, हे वहीत लिहावे लागले असते. मी ते लिहिणार हे त्यांना ठाऊक होते.

तुम्हाला वाटेल, इथे शहाणपण जिंकले. मलाही तसेच वाटले होते. सप्टेंबरात नानांनी सुचवले की सकाळी सभासदांची गैरसोय होते, सभा संध्याकाळी पाचला घ्याव्यात. गैरसोय कोणाची होणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. त्या वेळी अक्कांची गाडी साक्रीहून सुटते. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिल्यास सभासदत्व रद्द, असा नियम घटनेत होता. त्याआधी तो कोणाला लावल्याचे मी पाहिले नव्हते. डिसेंबरात तो अक्कांना लावला. सात माना हलल्या. या वेळी मी लिहिले, "ठराव बहुमताने. विरोधात एक, सहचिटणीस." पुढच्या वर्षी मीही सहचिटणीस राहिलो नाही.

अक्का नंतर एकदा बसस्थानकावर भेटल्या. हातात कल्हई केलेले पातेले, कागदात गुंडाळलेल्या बांगड्या. मी काहीतरी चुळबुळत बोलू लागलो, तशा म्हणाल्या, "जाऊ दे भाऊ. आते बठ्ठा दिन मना शे." मग पिशवीतून मूठभर दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "पोरी कशा शेतस?" एवढे विचारले आणि गाडी लागली. त्यानंतर त्या धुळ्यात दिसल्या नाहीत.

काही वर्षांनी भाचीला वसतिगृहात सोडायला गेलो होतो. कमानीवरची पितळी अक्षरे काळवंडली होती, दोन गळालीही होती. मागच्या अंगणात न्हाणीघरांची चारही दारे शाबूत होती. पहिल्यावर रंग उडालेल्या अक्षरांत "सभा चालू आहे", शेजारच्यावर "आत येऊ नये". दोन्ही आतून बंद होती आणि आत मुली मोठ्याने गात होत्या.

हिशोब असा. सभागृहाच्या नव्या दारांना एकोणीसशे रुपये लागले. अक्कांचे नाव कमी झाल्यापासून आठ दिवसांत ते संस्थेने धुळ्यातल्या सुताराला रोख दिले. अक्कांच्या गावच्या सुताराची मजुरी चाळीस रुपये, शिवाय जाण्यायेण्याचे भाडे आणि एक कुल्फी. ते सगळे अक्कांनी दिले.